एका लहान इंजिनाची घरगुती दुरुस्ती

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात दिलेले भाषण. बोलण्याच्या ओघात राहून गेलेल्या काही गोष्टी छापताना घातल्या आहेत.)



आपल्या मंडळात आजवर पाककृती, बालसंगोपन, काटकसर, प्रवास अशा कितीतरी विषयांवर भाषणे झाली. त्यांच्या रांगेत आज एक इंजिन येऊन बसले आहे. चिटणीसबाईंनी फळ्यावर विषय लिहिला तेव्हा दोघीतिघींनी मला विचारलेही, "अहो, मोटारीचे का?" मोटारीचे नव्हे, गवत कापण्याच्या यंत्राचे. स्टुलावर मावेल एवढेच ते असते आणि त्याचे वजन बारातेरा किलो. ते उघडावे, झिजलेले भाग बदलावे आणि पुन्हा जोडून चालू करावे, हे काम जिला शिवणयंत्राचे तेलपाणी घरच्या घरी करता येते तिला जमण्यासारखे आहे, एवढेच मला सांगावयाचे आहे.

अमेरिकेतील ओहायो राज्यात आम्ही २८ वर्षे होतो आणि २०१६ साली मी इकडे परत आले. तेथे घरापुढची हिरवळ ही निव्वळ हौस नसते, तिच्यामागे कायदाही असतो. पुष्कळ गावांत गवत आठ-दहा इंचांहून वाढू देता येत नाही. वाढले तर नगरपालिकेची नोटीस येते, आणि तरीही कापले नाही तर पालिकेची माणसे कापून जातात व बिल घरमालकाला पाठवतात. मे महिन्यात पाऊस आणि ऊन एकदमच येते, तेव्हा आठवड्याला एकदा यंत्र फिरवल्यावाचून गत्यंतर नसते.

हे यंत्र मूळचे निघाले कापडगिरणीच्या कल्पनेतून, हे ऐकून तुम्हांला मौज वाटेल. इंग्लंडमधील ग्लॉस्टरशायर परगण्यात स्ट्राउड हे लोकरी कापडाचे गाव. कापडावर उठलेले तंतू सारखे कापण्यासाठी तेथल्या गिरण्यांत फिरत्या पात्यांचे यंत्र असे. ते पाहून एडविन बडिंग नावाच्या कारागिराने १८३० साली गवत कापायचे यंत्र काढले. पुढे त्याला इंजिने बसली, पण ती बिडाची आणि जड. मिलवॉकी शहरातील ब्रिग्ज अँड स्ट्रॅटन कंपनीने १९५३ साली अ‍ॅल्युमिनियमचे हलके इंजिन काढले आणि मग घरोघरी माणसे यंत्र ढकलताना दिसू लागली. 'माणसे' म्हणजे बहुतेक पुरुष. आमच्याकडेही ते खाते यजमानांचेच होते.

२००८ च्या फेब्रुवारीत यजमानांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात आणि पाय गेला, आणि वाचाही गेली. गेली म्हणजे अशी की, आपण बोललेले त्यांना सगळे कळे, पण मनातला शब्द तोंडात येत नसे. पाणी हवे असले तर 'दार' म्हणत, आणि आपण चुकीचे बोललो हे त्यांचे त्यांना कळे. ते कळणेच फार वाईट होते. आठवड्यातून दोनदा वाचोपचार करणाऱ्या बाई येत. त्यांनी मला एक गोष्ट सांगून ठेवली होती : अशा माणसाला नवे वाक्य जुळवता आले नाही तरी आकडे, पाढे, आरती, पाठ झालेली गाणी पुष्कळदा शाबूत राहतात.

मे महिना उजाडला. शेजारच्या मुलाला बोलावून यंत्र चालू केले, तर त्यातून निळा धूर. दहा पावले गेले की दम तुटे. दुरुस्तीच्या दुकानात नेले. दुकानदाराने ते उघडलेसुद्धा नाही. तो म्हणाला, "बाई, नवे घ्या. हे खोलायची मजुरीच नव्या यंत्राएवढी होईल." तो खोटे बोलत नव्हता. तेथे वस्तू स्वस्त आणि माणसाचा तास महाग असा हिशेब आहे, आणि त्या हिशेबात जुने यंत्र बसत नाही. मुलानेही फोनवर तेच सांगितले. मी यंत्र कचऱ्याच्या गाडीसाठी रस्त्याच्या कडेला ठेवायला निघाले, तर यजमानांनी व्हरांड्यातून चालण्याची काठी माझ्यापुढे आडवी धरली. बोलता येत नव्हते, पण काठी काही खाली घेईनात. मग मी ते यंत्र गॅरेजात नेले आणि त्यांची खुर्चीही तेथेच नेऊन मांडली.

गावच्या वाचनालयात इंजिनाच्या दुरुस्तीचे पुस्तक मिळाले. ते मी तीन दिवस वाचले. तुम्ही म्हणाल, पुस्तकातून कळते काय? कळते. कारण या इंजिनात फार थोडे आहे. एक नळकांडे, त्यात मागेपुढे होणारा एक पिस्टन. पिस्टन मागे सरकतो तेव्हा पेट्रोल आणि हवा आत येते; पुढे येतो तेव्हा ती दाबली जाते; ठिणगी पडून स्फोट होतो आणि पिस्टन मागे फेकला जातो; पुन्हा पुढे येतो तेव्हा जळका धूर बाहेर. चार खेपांत एक स्फोट. मिनिटाला सुमारे ३,००० फेरे धरले तर सेकंदाला २५ स्फोट होतात. सगळी करामत दाबाची आहे, आणि दाब म्हणजे काय हे आपल्याला कोणी शिकवावयास नको. कुकरची रिंग सैल झाली, की गॅस जळत राहतो, वाफ कडेने जाते आणि शिट्टी होत नाही. या इंजिनाची शिट्टी होत नव्हती.

वाफ कुठून जाते हे शोधायचे तर दोन जागा संशयाच्या. एक, पिस्टनभोवतीच्या रिंगा. दुसरी, हवा आत घेणारा आणि धूर बाहेर सोडणारा असे दोन व्हॉल्व्ह. याची परीक्षा चहाच्या चमच्याने होते. पहिल्याने स्पार्क प्लगची वायर काढून दूर बांधून ठेवायची. हे मी दोनदा सांगेन. तेथील कायद्याने १९८२ पासून अशा यंत्रांचा दांडा सोडताच पाते ३ सेकंदांत थांबावे लागते. पण हाताने पाते फिरवताना इंजिन अचानक पेटले तर त्या कायद्याचा बोटांना उपयोग नाही. तेव्हा वायर आधी. मग वरचे झाकण काढून फ्लायव्हीलचे चाक हाताने उलट्या दिशेला झटक्याने फिरवायचे. इंजिन धड असेल तर ते चाक चेंडूसारखे उसळून परत येते. आमचे चाक आळसावल्यासारखे फिरत राहिले. नंतर प्लगच्या भोकातून एक चमचा तेल आत सोडले आणि पुन्हा फिरवले, तेव्हा ते उसळले. तेलाने फट बुजते ती रिंगांची, व्हॉल्व्हची नव्हे. निळा धूर म्हणजे जळणारे तेल, हे पुस्तकात होतेच. रोगाचे निदान झाले.

खोलण्याच्या कामात मला सर्वांत उपयोगी पडले ते माझे जुने इडलीपात्र. चार ताटल्या, सोळा वाट्या. ज्या क्रमाने स्क्रू आणि नट निघतील त्या क्रमाने एकेका वाटीत ठेवले. इंजिनाच्या माथ्याचे आठ बोल्ट सगळे एका लांबीचे नसतात, काही लांब, काही आखूड. त्यांच्यासाठी पुठ्ठ्यावर माथ्याचा आकार काढून आठ भोके पाडली आणि जो बोल्ट जेथला तो तेथे खोचून ठेवला. (नवे इडलीपात्र नंतर घेतले, काळजी नसावी.)

पेट्रोल आणि जुने तेल आधी बाहेर मोकळ्यावर काढून घ्यायचे. पाते, मग तीन बोल्ट, की इंजिन यंत्रापासून सुटते. फ्लायव्हील काढायला एक ओढणी मिळते, ती भाड्याने आणावी. चाकाच्या पात्यांत स्क्रू-ड्रायव्हर घालून हिसके देऊ नयेत, पाती मोडतात. त्या चाकाखाली एक बोटाच्या पेराएवढी मऊ धातूची चावी असते. पाते दगडाला किंवा खुंटाला आपटले की ती चेपते, आणि ठिणगी अवेळी पडू लागते. आमची चावी चेपली होती. यजमानांनी डाव्या हाताने ती उचलली, उजेडात धरली, आणि बागेतल्या सफरचंदाच्या खुंटाकडे बोट केले. आदल्या शरदात यंत्र तेथे आपटले होते, हे मला तेव्हा कळले.

खालचे झाकण काढण्यापूर्वी क्रँकशाफ्टच्या दांड्यावरचा गंज बारीक एमरी पेपरने साफ करावा लागतो, नाहीतर झाकण सरकताना ऑइल सील फाटते. झाकण निघाले आणि आतले सगळे दिसले तेव्हा मला, खरे सांगते, फार आनंद झाला. केवढे सुबक असते ते! क्रँकशाफ्टवर एक दातेरी चाक, त्याच्या दुप्पट दातांचे दुसरे चाक कॅमशाफ्टचे. पहिले दोनदा फिरते तेव्हा दुसरे एकदा, म्हणून चार खेपांत प्रत्येक व्हॉल्व्ह एकदाच उघडतो. दोन्ही चाकांवर एकेक खूण असते आणि जोडताना त्या खुणा समोरासमोर याव्या लागतात. एक दात इकडेतिकडे झाला की इंजिन धड चालायचे नाही.

पिस्टन बाहेर निघाला. त्याच्या डोक्यावर आणि माथ्याच्या आत काजळी अशी धरली होती, जशी दुधाच्या पातेल्याच्या बुडाला खरपुडी. ती लाकडी उलथन्याने काढली, कारण अ‍ॅल्युमिनियमला सुरी ओढली की चरा पडतो. मग रिंगांची मोजणी. रिंग पूर्ण गोल नसते, तिला एक फट असते. ती एकटीच सिलिंडरमध्ये ढकलायची आणि फटीत फीलर गेजची पाती घालून पाहायची. आमच्या इंजिनाला फट इंचाच्या ३० हजारांशांपर्यंत चालेल असे पुस्तकात होते. आमची भरली ३८. नेहमीच्या लिहायच्या कागदाची जाडी सुमारे चार हजारांश असते. म्हणजे मर्यादेपुढे दोन कागदांची जाडी, आणि तेवढ्यावरून दुकानदाराने यंत्राला कचऱ्याची वाट दाखवली होती. सिलिंडर मात्र गोल होता, दांडा सरळ होता. दांडा वाकला असता किंवा सिलिंडरला तडा असता तर मीही नवेच यंत्र घेतले असते. प्रत्येक इंजिन वाचवावे असे माझे मुळीच म्हणणे नाही.

रिंगा, गॅस्केटे, सील, चावी, प्लग आणि कार्बुरेटरचा पडदा मिळून सत्तर डॉलरच्या आत आले. कार्बुरेटरविषयी फार सांगत नाही. हिवाळाभर पेट्रोल आत राहिले की त्याचा चिकट राळ होतो, तो काढून भोके साफ करायची, इतकेच.

आता दोन कामे अशी, की जी मला पुस्तकाआधीच येत होती.

पाटा वापरून वापरून गुळगुळीत झाला की वाटण नुसते सरकते. मग आपण पाट्याला टाकी लावून घेतो. सिलिंडरचेही तसेच आहे. आमच्या इंजिनाच्या नळकांड्याला आतून बिडाचे अस्तर होते आणि ते आरशासारखे चकचकीत झाले होते. अशा भिंतीवर तेल ठरत नाही आणि नव्या रिंगा बसत नाहीत. म्हणून ड्रिलला बारीक दगडांचा घासणा लावून, तेल सोडत, तो वरखाली फिरवायचा. भिंतीवर तिरप्या रेघांची जाळी उमटली की थांबायचे. नंतर साबण आणि गरम पाणी. रॉकेलने पुसून भागत नाही, घासलेल्या दगडाची पूड तशीच राहते आणि नव्या रिंगा पुन्हा खाते. पांढरे फडके आतून फिरवून पांढरेच बाहेर येईपर्यंत धुवायचे आणि लगेच तेलाचा हात द्यायचा. धुण्याच्या बाबतीत पुस्तकाचा आग्रह आणि माझ्या सासूबाईंचा आग्रह यांत मला काही फरक दिसला नाही.

दुसरे काम व्हॉल्व्हचे. व्हॉल्व्ह आणि त्याचे बैठकस्थान यांत खरबरीत मलम लावायचे आणि रबरी पेल्याची एक काठी व्हॉल्व्हला चिकटवून ती दोन्ही तळव्यांत धरून मागेपुढे फिरवायची. थेट रवी! यजमान खुर्चीत बसून पाहत होते. मी फिरवायला लागले तशी त्यांनी मोजायला सुरुवात केली. "एक, दोन, तीन, चार..." स्पष्ट. पन्नासपर्यंत गेले. मी व्हॉल्व्ह उचलून पाहिला, सभोवार राखी रंगाची सारखी कड आली होती. मलम पुसले, दुसरा व्हॉल्व्ह घेतला. ते पुन्हा एकपासून मोजू लागले. त्या दिवशी आम्ही जेवायला अडीच वाजता बसलो. नंतर व्हॉल्व्हच्या दांड्याखालची फट मोजावी लागते, तीही हजारांशांत. ती पुस्तकातल्या आकड्यांत बसली.

जोडणी म्हणजे खोलण्याचाच उलटा क्रम, पण येथे घाई नको. तिन्ही रिंगांच्या फटी एका रेषेत येऊ द्यायच्या नाहीत, एकीखाली एक आल्या की वाफेला वाटच मिळते. पत्र्याच्या पट्ट्याने रिंगा आवळून, तेल लावून, हातोडीच्या लाकडी दांड्याने हलके ठोके देत पिस्टन आत सरकवायचा. कनेक्टिंग रॉडच्या दोन तुकड्यांवर खुणा असतात. मी हात लावण्यापूर्वीच यजमानांनी त्या नखाने दाखवल्या. फ्लायव्हील आणि ठिणगीची गुंडाळी यांत किती अंतर ठेवायचे याला एक सोपी युक्ती आहे : मध्ये साधे व्हिजिटिंग कार्ड धरायचे, चुंबकाने गुंडाळी ओढली गेली की स्क्रू पिळायचा आणि कार्ड काढून घ्यायचे. आमच्या दंतवैद्यांचे कार्ड होते ते.

माथ्याचे आठ बोल्ट एकदम एक पूर्ण पिळून चालत नाहीत, नाहीतर माथा वाकतो आणि गॅस्केट गळते. आळीपाळीने, समोरासमोरचे, थोडे थोडे, तीन फेऱ्यांत. शेवटची फेरी दाब दाखवणाऱ्या पान्याने, १४० इंच-पौंडांची. मी पिळायचे, यजमानांनी आकडा म्हणायचा. एकदा पाना मागायचा होता तर ते "चमचा" म्हणाले, आणि स्वतःच हसले. झटक्यानंतर स्वतःच्या चुकलेल्या शब्दावर हसलेले मी त्यांना प्रथमच पाहिले.

जुलैच्या दुसऱ्या शनिवारी यंत्र अंगणात आणले. नवे तेल घातले, थोडे पेट्रोल. तिसऱ्या ओढीला चालू झाले. पहिली काही मिनिटे निळा धूर येतच राहिला, कारण जोडताना आतून लावलेले तेल जळते. शेजारची दोन घरे कुंपणाशी येऊन उभी राहिली. यजमान डोळे मिटून ऐकत होते. धूर विरळ झाला, आवाज एकसारखा झाला, तेव्हा त्यांनी डोळे उघडले आणि म्हणाले, "तेल."

मी इंजिन बंद करून तेलाची काडी पाहिली. तेल बरोबर होते. परंतु पाच महिन्यांत योग्य जागी, न विचारता आलेला तो पहिला शब्द होता. सोमवारी वाचोपचाराच्या बाई आल्या तेव्हा त्यांनी तो वहीत देवनागरीत माझ्याकडून लिहून घेतला आणि पुढे त्याच्या आजूबाजूचेच शब्द घेतले : तेल, पाना, दोरी, धूर, गवत. चित्रांच्या पुस्तकातले सफरचंद आणि बदक त्यांनी बाजूला ठेवले. वाचा पूर्ण कधीच आली नाही. पण गॅरेजातले शब्द पुष्कळसे आले.

त्या इंजिनाचे तेल पाच तासांनी बदलले, नंतर दर मोसमाला. ते सहा उन्हाळे चालले. यजमान २०१४ साली गेले. निघताना मी यंत्र शेजारच्या मुलाला दिले, पुठ्ठ्यावरच्या आठ भोकांसकट. आता तिकडे बॅटरीची यंत्रे आली आहेत, आणि कॅलिफोर्नियात तर २०२४ पासून बनणाऱ्या बहुतेक छोट्या इंजिनांना धूर सोडण्याचीच मनाई आहे. ते योग्यच आहे. तो धूर मी खाल्ला आहे. मात्र आपल्याकडे फवारणीची यंत्रे, पाण्याचे छोटे पंप, तण काढायची यंत्रे पेट्रोलवर चालतातच, आणि त्यांतल्या पुष्कळांच्या पोटात हीच चार खेपांची मांडणी आहे. ज्यांच्या घरी असे एखादे यंत्र बंद पडले असेल, त्यांनी मला कळवावे. चहाचा चमचा घेऊन मी येते.

जुन्या तीन रिंगा, चेपलेली चावी आणि जळके गॅस्केट मी आज बरोबर आणले आहे. खिडकीजवळच्या टेबलावर वर्तमानपत्रावर मांडून ठेवले आहे. हात काळे होतात, तेव्हा आधी चहा-फराळ उरकून घ्या आणि मग पाहा.